यंत्र हरत होतं तेव्हा

कृत्रिम बुद्धिमत्तेचं नवं मॉडेल आलं की आठवडाभर एकच चर्चा चालते. कुठल्या परीक्षेत किती गुण पडले, कोणत्या ऑलिंपियाडमध्ये कुठलं पदक, आधीच्यापेक्षा किती टक्के पुढे. ते गुण कसे मिळाले आणि त्यातून बुद्धी नावाच्या गोष्टीबद्दल आपल्याला नवं काय समजलं, हे विचारणारे थोडेच. निधी देणारी सरकारं या आकड्यांकडे बघतात, आणि आता विद्यापीठंही त्यांच्यामागे धावू लागली आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाने या शर्यतीत उतरू नये, असं माझं मत आहे. त्याला आधार आहे तो पाऊणशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका उद्योगाचा: संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याचा.

त्या उद्योगाचा शेवटचा अंक सगळ्यांना ठाऊक आहे. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. त्याआधीची जवळजवळ पन्नास वर्षं मात्र यंत्रं हरत होती, कधी नवशिक्यांकडूनही. ज्ञानाचा हिशेब मांडला तर कमाई त्या हरण्याच्या वर्षांतली जास्त भरते.

सुरुवात क्लॉड शॅननपासून करावी लागते. बेल प्रयोगशाळेतला हा गणितज्ञ मार्च १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अधिवेशनात या विषयावर बोलला आणि पुढच्या वर्षी ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ या नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला. या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व बहुधा नाही, असं त्याने आरंभीच सांगून टाकलं. (हे वाक्य अर्जाच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्याला आज कुठली समिती अनुदान देईल?) त्याचा डोळा दुसरीकडे होता. बुद्धिबळाचे नियम काटेकोर आहेत, ध्येय स्पष्ट आहे, खेळ क्षुल्लक म्हणावा इतका सोपा नाही आणि हात टेकावेत इतका अवघडही नाही. इथे जे जमेल ते पुढे टेलिफोनचे कॉल कुठल्या मार्गाने न्यायचे, भाषांतर कसं करायचं, तर्काने निष्कर्षाला कसं पोचायचं, अशा कामांना लावता येईल, असा त्याचा विचार होता.

मग त्याने हिशेब मांडला. वजिराला ९ गुण, हत्तीला ५, उंट आणि घोड्याला प्रत्येकी ३, प्याद्याला १. एकटी पडलेली किंवा एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक अडकलेली प्यादी असतील तर अर्ध्या गुणाचा दंड. अशा बेरजेने पटावरच्या कुठल्याही स्थितीची किंमत काढायची आणि पुढच्या चाली तपासायच्या. तपासण्याच्या दोन वाटा त्याने सांगितल्या. एक सरसकट, म्हणजे नियमात बसणारी प्रत्येक चाल बघायची. दुसरी निवडक, म्हणजे चांगल्या खेळाडूप्रमाणे चार आश्वासक चालींवरच डोकं चालवायचं. सरसकट वाटेवर दोन्ही बाजूंच्या तीन-तीन चाली बघायच्या तरी सुमारे १०० कोटी शक्यता होतात. सेकंदाला दहा लाख तपासणारं यंत्र धरलं, आणि तसं यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हतं, तरी एका चालीला सोळा मिनिटांहून अधिक वेळ जातो आणि खेळ सुमारच राहतो. म्हणून त्याचा कल निवडक वाटेकडे होता. पुढची पंचवीस वर्षं जवळजवळ सगळ्या पाश्चात्त्य संशोधकांचा कल तिकडेच राहिला. विचार करणं म्हणजे निवड करणं, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिची परीक्षा घ्यावी असं सहसा कुणाला वाटत नाही. बुद्धिबळाने ती घेतली.

इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगकडे तर यंत्रही नव्हतं. डेव्हिड चँपरनाउनबरोबर त्याने नियम लिहिले आणि १९५२ मध्ये स्वतःच संगणक होऊन, कागदावर आकडेमोड करत, ॲलिक ग्लेनीविरुद्ध एक डाव खेळला. २९ चालींत हरला. त्याआधी १९५१ मध्ये मँचेस्टरच्या फेरांटी यंत्रावर डिट्रिख प्रिन्झने दोन चालींत मात करायची कोडी सोडवून दाखवली होती. पण ते कोडं होतं, डाव नव्हता.

१९५६ चा लॉस अलामॉसचा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटतो. अणुबाँबच्या त्या प्रयोगशाळेत मॅनियाक नावाचा संगणक होता आणि त्यावर आठ घरांचा पट पेलणार नाही, हे पॉल स्टाइन, मार्क वेल्स, स्टॅनिस्लाव उलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होतं. त्यांनी पटच लहान केला. सहा बाय सहा घरं, उंट काढून टाकलेले, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नाही. एवढं करूनही दोन्हीकडच्या दोन-दोन चाली बघायला यंत्राला दर वेळी सुमारे बारा मिनिटं लागत. ते तीन डाव खेळलं. एक स्वतःशी. दुसरा एका तरबेज खेळाडूशी. त्याने वजीर काढून ठेवला होता, तरी जिंकला तोच. तिसरा आठवड्यापूर्वीच खेळ शिकलेल्या एका तरुणीशी, आणि तो यंत्राने जिंकला. आज ही कामगिरी कुणी जाहिरातीत घालणार नाही. पण काय केलं, काय वगळलं, कुणाकडून हरलो, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं, त्यामुळे पुढच्याला कुठून सुरुवात करायची ते कळलं.

पुढच्या दोन वर्षांत आयबीएमच्या ॲलेक्स बर्नस्टीनने आयबीएम ७०४ वर पूर्ण पटाचा प्रोग्रॅम चालवला. दर वेळी सात आश्वासक चाली, त्या प्रत्येकीला सात उत्तरं, अशा चार पायऱ्या (एक पायरी म्हणजे एका बाजूची एक चाल). एका चालीला आठ मिनिटं. हौशी खेळाडूला तो हरवू शकत नव्हता. पण १९५६ मध्ये डार्टमथला कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या बैठकीत बर्नस्टीन आपली पद्धत सांगत असताना संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थीच्या लक्षात एक गोष्ट आली. आपल्या एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचं एक सणसणीत उत्तर सापडलं, तर ती चाल तिथेच बाद झाली. उरलेली उत्तरं तपासण्यात वेळ कशाला घालवायचा? आज अल्फा-बीटा या नावाने शिकवतात ती हीच कल्पना. चाली तपासण्याचा क्रम चांगला लागला तर तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोल बघता येतं, आणि निष्कर्षात काडीचा फरक पडत नाही. एका हरणाऱ्या प्रोग्रॅमचं वर्णन ऐकताना सुचलेली ही गोष्ट पुढे संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात गेली.

याच सुमाराला हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूएल यांनी १९५७ मध्ये भाकीत केलं की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. लागली चाळीस. सायमन पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारा माणूस. त्याच्या भाकिताची थट्टा करणं सोपं आहे. पण भाकितामागचा प्रश्न खरा होता: माणूस विचार कसा करतो हे प्रोग्रॅमच्या रूपात लिहिता येईल का? त्या प्रश्नावर त्याने स्वतः प्रयोग चालू ठेवले आणि त्यातला सर्वांत चांगला प्रयोग यंत्राशिवायचा आहे. डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूटने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाखवलं होतं की अव्वल खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार खोल बघतो असं नाही. तो बघतो त्या चालीच मुळात बऱ्या असतात. १९७३ मध्ये सायमन आणि विल्यम चेस यांनी कार्नेगी मेलनमध्ये खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून सोंगट्या आठवून मांडायला सांगितलं. खऱ्या डावातली स्थिती असली तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी ठेवत आणि नवशिक्याला चारेक जमत. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या की निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी होई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. त्याला ओळखीचे आकृतिबंध दिसत होते. शिक्षणाबद्दल, सरावाबद्दल आज जे समजतं त्यात या एका प्रयोगाचा वाटा मोठा आहे.

आता मॉस्कोकडे. १९६६ च्या नोव्हेंबरपासून नऊ महिने तारेने चार डाव खेळले गेले. एका बाजूला मॅकार्थीचं स्टॅनफर्ड. त्यांचा प्रोग्रॅम मूळ एमआयटीत ॲलन कोटॉक आणि त्याच्या विद्यार्थिमित्रांनी लिहिलेला, निवडक वाटेचा. दुसऱ्या बाजूला सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेतला अलेक्सांद्र क्रोनरोदचा गट. त्यांचा संगणक अमेरिकेच्या आयबीएम ७०९० पेक्षा कमकुवत, पण प्रोग्रॅम सरसकट वाटेचा. रशियनांनी दोन डाव जिंकले, दोन बरोबरीत सुटले. बरोबरीचे दोन त्यांच्या प्रोग्रॅमने तीन पायऱ्या बघून खेळले होते आणि जिंकलेले दोन पाच पायऱ्या बघून. कमकुवत यंत्राने ‘शहाण्या’ प्रोग्रॅमला हरवलं, ते सगळ्या चाली बघून. कारण उघड आहे. निवडक प्रोग्रॅम एखादी चाल बघण्यालायक नाही असं ठरवतो आणि तीच चाल पुढे गळ्याशी येते.

या निकालाची टोचणी माजी जगज्जेता मिखाईल बोत्विनिकलाही लागायला हवी होती. तो विद्युत अभियंता होता. वर्षानुवर्षं त्याने ‘पायोनियर’ नावाच्या प्रोग्रॅमवर काम केलं, जो मास्टर खेळाडूसारखा विचार करणार होता. खुद्द जगज्जेता गुरू असलेला तो प्रोग्रॅम स्पर्धेत उतरण्याजोगा कधी झालाच नाही. १९७४ मध्ये स्टॉकहोमला पहिली जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली ती क्रोनरोदच्या गटातूनच पुढे आलेल्या काइस्सा या प्रोग्रॅमने. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनीही १९७३ मध्ये आपल्या प्रोग्रॅममधला चाली निवडणारा भाग टाकून दिला आणि सरसकट वाट धरली. त्यामागे तत्त्वज्ञान फारसं नव्हतं. निवड करणारा भाग कुठे चुकतो हे शोधता शोधता ते थकले होते. नवा प्रोग्रॅम लिहायला सोपा, तपासायला सोपा, आणि खेळायलाही जास्त पक्का निघाला.

सरसकट वाटेलाही खोट होती. पोस्टाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा माजी जगज्जेता हान्स बर्लिनर कार्नेगी मेलनमध्ये संशोधन करत होता. त्याने ती खोट नेमकी पकडली आणि तिला क्षितिज-परिणाम म्हटलं. यंत्र ठरावीक पायऱ्यांपर्यंतच बघतं. वजीर जाणार हे सहाव्या पायरीवर दिसलं की ते मध्ये एक निरर्थक शह देतं, एक प्यादं फुकट देतं. वजीर आता आठव्या पायरीवर जातो, म्हणजे यंत्राच्या नजरेपलीकडे, आणि यंत्र खूश होतं की संकट टळलं. वजीर तर जातोच, वर प्यादंही गेलेलं असतं. (पाच वर्षांच्या मुदतीचा विचार करून निर्णय घेणारे इतरही काही लोक आपल्या परिचयाचे आहेत.) ठरावीक मापावर चांगलं दिसायला सांगितलेली यंत्रणा संकट मापाबाहेर ढकलून मोकळी होते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आजच्या परीक्षाकेंद्री मॉडेलांचं बोलणं चालू असताना बर्लिनरची आठवण कुणालाच होत नाही, याचं मला नवल वाटतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सरसकट वाटेच्या विरोधात आहे. मुळीच नाही. माणसासारखा विचार करणारं यंत्र हवं म्हणणारे या लढाईत हरले, आणि त्यांचं हरणं हा त्या काळातला एक मोठा शोध आहे. बुद्धी लागते असं आपण मानत असलेलं काम बुद्धीशिवाय, निदान आपल्या बुद्धीशिवाय, होऊ शकतं, हे त्याआधी कुणी दाखवून दिलं नव्हतं.

स्पर्धांचंही श्रेय नाकारता येणार नाही. तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफसने रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या १९६५ च्या अहवालात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्राची किमयागारांशी तुलना करून रेवडी उडवली होती. १९६७ मध्ये तो स्वतःच एमआयटीच्या रिचर्ड ग्रीनब्लॅटच्या मॅक हॅक या प्रोग्रॅमकडून हरला. उलट बाजूने, दहा वर्षांत आपल्याला एकही प्रोग्रॅम हरवणार नाही अशी पैज स्कॉटिश मास्टर डेव्हिड लेव्हीने १९६८ मध्ये मॅकार्थी आणि डोनाल्ड मिची यांच्याशी ५०० पौंडांची लावली, आणि १९७८ मध्ये टोरांटोला स्लेट-ॲटकिनच्या प्रोग्रॅमला हरवून ती जिंकली. पट खोटं बोलत नाही. सायमनच्या भाकिताला आणि ड्रायफसच्या टीकेला दोघांनाही त्याने जमिनीवर आणलं. १९७० पासून अमेरिकेत दरवर्षी भरू लागलेल्या संगणकांच्या स्पर्धांनी पहिल्या काही वर्षांत हेच मोलाचं काम केलं.

बिघडलं ते नंतर. पटाकडे दावे तपासायचं साधन म्हणून बघणं थांबलं आणि पटावरचा विजय हेच ध्येय झालं. १९८० च्या सुमारास केन थॉम्पसन आणि जो काँडन यांनी बेल प्रयोगशाळेत खास बुद्धिबळासाठी यंत्र बांधलं. त्याचंही नाव बेल (Belle). थॉम्पसनने या यंत्राच्या वेगवेगळ्या खोलीपर्यंत बघणाऱ्या आवृत्त्या एकमेकींशी खेळवल्या तेव्हा दिसलं की एक पायरी वाढली की खेळाची पातळी साधारण २०० रेटिंग गुणांनी (खेळाडूची ताकद मोजायच्या मापाने) चढते. हे सुंदर मोजमाप होतं. पण त्यातून पुढच्यांनी घेतलेला धडा असा की आता विचार करायचं कारण उरलं नाही, चिप वेगवान करा. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारा डीप ब्लू हे त्याचं टोक. मॅकार्थीने १९९७ मध्येच ‘सायन्स’ साप्ताहिकात याची कानउघाडणी केली. बुद्धिबळ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची फळमाशी आहे, म्हणजे आनुवंशिकतेच्या अभ्यासात फळमाशीचं जे स्थान ते इथे बुद्धिबळाचं, हे वाक्य त्याने क्रोनरोदकडून घेतलेलं. त्याची तक्रार अशी की आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी १९१० पासून फळमाश्यांच्या शर्यती लावल्या असत्या तर थोडंफार विज्ञान हाती लागलं असतं, पण मुख्यतः खूप वेगवान माश्या मिळाल्या असत्या. मला यात मॅकार्थीची बाजू पटते. एक भर घालतो: शर्यत लावणारी कंपनी असेल तर तो तिचा धंदा आहे. विद्यापीठाने शर्यत लावली तर आपण विचारायला हवं की मग अभ्यास कोण करणार.

निधीचा प्रश्न तेव्हाही होता. क्रोनरोदच्या संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ कुरकुरत होते की आमचा संगणकाचा वेळ खेळण्यात जातो. १९६८ मध्ये मनोरुग्णालयात डांबलेल्या एका गणितज्ञाच्या बाजूने इतरांबरोबर त्याने पत्रावर सही केली, आणि दोन्ही गोष्टी मिळून त्याचं पद गेलं. त्याच्या गटातल्या अदेल्सन-वेल्स्कीच्या नावाची एव्हीएल ट्री, म्हणजे संगणकात माहिती मांडायची एक रचना, आज पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाते. क्रोनरोद, अर्लाझारोव आणि आणखी दोघांनी १९७० मध्ये दिलेली मॅट्रिक्स गुणाकाराची युक्ती ‘चार रशियन’ म्हणून ओळखली जाते. वेळ वाया गेला म्हणणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना हे दिसणं शक्य नव्हतं, त्यांना दोष देत नाही. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये जेम्स लाइटहिलच्या अहवालाने या क्षेत्राचा सरकारी आधार आकसला. बुद्धिबळाचे प्रोग्रॅम अनुभवी हौशी खेळाडूइतपतच खेळतात, हाही त्यातला एक मुद्दा. म्हणजे तिथेही मोजपट्टी जिंकण्या-हरण्याचीच लावली गेली, फक्त पैसे काढून घेण्यासाठी. मोजपट्टी तीच ठेवून आज पैसे ओतले जात आहेत.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यानंतरच्या बातम्यांत ठळक काय असतं, तर किती हजार जीपीयू, म्हणजे मॉडेलांची आकडेमोड करणाऱ्या चिपा, आले. यंत्रं लागतात, वाद नाही. मॅनियाकवर आठ घरांचा पट मावला नव्हताच. पण शॅननला नुसतं वेगवान यंत्र देऊन त्याचा निबंध मिळाला नसता, आणि मॅनियाकसारखं दुबळं यंत्र असणाऱ्यांनी प्रश्न लहान करून उत्तर मिळवलं. मराठीसारख्या भाषेत मॉडेल कुठे आणि का चुकतं, हा असाच लहान करता येण्याजोगा, थोड्या यंत्रांत मावणारा प्रश्न आहे. त्यातून कुठल्याही जागतिक क्रमवारीत आपलं नाव वर जाणार नाही.

आणि नोंदींचं काय? स्लेट-ॲटकिनचा प्रोग्रॅम कसा बांधला होता हे त्यांच्याच शब्दांत वाचता येतं. डीप ब्लूच्या विचाराच्या नोंदी कास्पारोवने मागितल्या होत्या, पण त्या सामना आटोपल्यावर, उशिरा प्रसिद्ध झाल्या. परतीचा सामना झाला नाही आणि यंत्र निवृत्त करण्यात आलं. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमविरुद्ध शंभरांपैकी २८ डाव जिंकून बाकीचे बरोबरीत सोडवल्याचं जाहीर झालं, पण प्रोग्रॅम खुला झाला नाही. ती पद्धत पुन्हा उभी करून सर्वांसाठी खुली करायचं काम लीला चेस झीरोच्या स्वयंसेवकांनी फुकट केलं. कंपन्यांनी असं वागावं की नाही, हा त्यांच्या भागधारकांचा प्रश्न. कराच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला मात्र अनुदानाच्या कागदावरच अट असावी: प्रोग्रॅम खुला, चाचण्यांच्या नोंदी खुल्या, आणि जे प्रयोग फसले त्यांचं वर्णन यशस्वी प्रयोगांइतकंच सविस्तर. या अटीवर अर्ज कमी येतील, हे मला मान्य आहे. जे येतील ते नीट वाचायला समितीला वेळ मिळेल.